ऐकून घेण्याची विद्या

वैद्याकडे जाणाऱ्या माणसाची अपेक्षा ठरलेली असते. वैद्यानें नाडी पाहावी, चार प्रश्न विचारावे, दुखण्याचें नांव सांगावें आणि पुडी बांधून द्यावी. मनाच्या दुखण्याचे चिकित्सक उदयास आले तेव्हां त्यांच्याविषयींही लोकांची हीच कल्पना होती. आणि त्या चिकित्सकांची स्वतःविषयींची कल्पना तरी फारशी निराळी होती असें नाहीं. रोग्यानें बोलावें, तज्ज्ञानें त्याचा अर्थ लावावा, आणि अर्थ कळतांच रोग्यानें बरें व्हावें, असा तो हिशेब होता. हा हिशेब कोठें चुकतो, हें ज्यांना ग्रंथांतून नव्हे तर स्वतःच्या अपयशांतून उमगलें, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणजे कार्ल रॉजर्स.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजीं शिकागोजवळील ओक पार्क या गांवीं झाला. सहा भावंडांतील हें चवथें अपत्य. वडील बांधकामाच्या धंद्यांत नांवारूपाला आलेले. घर सुखवस्तु, परंतु धर्मनिष्ठा कडक. नाच, पत्ते, नाटक, मद्य यांस त्या घरांत थारा नव्हता. सोडावॉटरची पहिली बाटली पितांनाही आपल्या हातून कांहीं पाप घडत आहे असें आपणांस वाटलें, असें रॉजर्स यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. ज्यांच्या आजोबांनीं हॉटेलांतला पहिला चहा घरच्यांची नजर चुकवून घेतला, त्यांना ही भावना समजावून सांगावयास नको.

मुलगा बारा वर्षांचा असतां, शहरांतील मोहांपासून मुलें दूर राहावींत म्हणून, वडिलांनीं बिऱ्हाड शेतावर हलविलें. तेथें कार्लला रात्रीं उडणाऱ्या मोठाल्या पतंगांचा छंद लागला. सुरवंट पाळावे, त्यांचे कोश सांभाळावे, आणि त्यांतून पतंग बाहेर पडण्याची वाट पाहत बसावें, हा त्याचा उद्योग. वडिलांना शास्त्रीय पद्धतीनें शेती करण्याची हौस होती. तेव्हां गुरांच्या खाद्यावरील मॉरिसन यांचा जाडजूड ग्रंथही त्यानें त्या वयांत वाचून काढला. एका कळपाला एक चारा द्यावा, दुसऱ्याला तो देऊं नये, बाकी सर्व सारखें ठेवावें आणि मग फरक मोजावा, ही प्रयोगाची रीत त्याला त्या ग्रंथांत सांपडली. धीर आणि मोजमाप या दोन्ही संवयी त्या शेतावरच्या आहेत, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावें.

विस्कॉन्सिन विद्यापीठांत तो शेतकी शिकावयास गेला, आणि मनाचा कल धर्मोपदेशकाच्या कार्याकडे वळल्यामुळें इतिहासाकडे वळला. १९२२ सालीं ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठीं त्याला पेकिंगला पाठविण्यांत आलें. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या त्या प्रवासांत, तितकींच प्रामाणिक माणसें अगदीं भिन्न श्रद्धा बाळगतात, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. आणि घरच्या धर्ममतांची पकड सुटली. १९२४ सालीं हेलन एलियट यांच्याशीं विवाह करून तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरींत दाखल झाला. तेथें कांहीं विद्यार्थ्यांनीं अजब मागणी केली: आम्हांला असा एक वर्ग द्या कीं ज्यांत शिक्षक शिकविणार नाहीं, आमचेच प्रश्न हाच अभ्यासक्रम. संस्थेनें ती मान्य केली, हें तिच्या औदार्याचें लक्षण. परिणाम असा झाला कीं त्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थी विचार करतां करतां धर्मकार्यांतूनच बाहेर पडले! रॉजर्स रस्ता ओलांडून समोरच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत मानसशास्त्र शिकूं लागले.

१९२८ सालीं त्यांना रॉचेस्टर या शहरीं, मुलांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या संस्थेंत, वर्षाला २,९०० डॉलर पगाराची नोकरी मिळाली. विद्यापीठाच्या दृष्टीनें ही आडबाजूची जागा. परंतु रॉजर्स तेथें बारा वर्षें रमले. न्यायालयांकडून आणि अनाथांच्या संस्थांकडून आलेलीं हूड, चोरटीं, भेदरलेलीं मुलें रोज समोर येत. त्या गर्दींत सिद्धांताला किंमत नव्हती. उपयोग होतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

आणि उपयोग होत नाहीं, असें त्यांना वारंवार दिसूं लागलें. आग लावण्याची खोड असलेल्या एका मुलाला त्यांनीं कित्येक भेटींत बोलतें केलें, विल्यम हीली या प्रख्यात तज्ज्ञाच्या मतास अनुसरून त्या खोडीचें मूळ दडपलेल्या कामभावनेंत शोधून काढलें, आणि तें त्याला समजावून दिलें. कोडें सुटलें! मुलगा सुटून घरीं गेला आणि त्यानें पुन्हां तोच प्रकार केला.

परंतु रॉजर्स यांना वळण लावलें तें एका आईनें. ही बाई हुशार होती. तिचा मुलगा अतोनात उपद्रवी. बाईनें मुलाला लहानपणींच मनांतून झिडकारलें, हें त्याच्या वागण्याचें मूळ, असें रॉजर्स यांचें निदान होतें. आणि तें चुकीचें होतें असेंही नाहीं. आठवड्यामागून आठवडे त्यांनीं तिच्याच बोलण्यांतील धागे उचलून, मोठ्या हळुवारपणें, तें तिच्यापुढें मांडलें. कांहीं उपयोग झाला नाहीं. अखेर त्यांनीं हात टेकले. आपण दोघांनींही पुष्कळ खटपट केली, आतां थांबावें हें बरें, असें त्यांनीं सुचविलें. तिलाही तें पटलें. हस्तांदोलन झालें, बाई दारापर्यंत गेली, आणि तेथून वळून तिनें विचारलें, "येथें मोठ्या माणसांनाही आपण सल्ला देतां का?" होय म्हणतांच ती परत खुर्चीवर येऊन बसली, आणि संसाराविषयींची निराशा, नवऱ्याशीं आलेलें वितुष्ट, स्वतःच्या पराभवाची आणि गोंधळाची जाणीव, हें सर्व तिच्या तोंडून वाहूं लागलें. इतके दिवस तिनें जी कोरडी हकीकत सांगितली होती, तिचा याच्याशीं कांहींच मेळ नव्हता. रॉजर्स यांना काय करावें तें सुचेना, म्हणून त्यांनीं ऐकून घेतलें. अनेक भेटींनंतर तिचा संसारही सावरला आणि मुलाचें वर्तनही. कोठें दुखतें हें दुखणाऱ्यालाच ठाऊक असतें, आणि कोणत्या वाटेनें जावें हेंही त्यालाच. तज्ज्ञाला आपल्या हुशारीचें प्रदर्शन करावयाचें नसेल तर त्यानें त्या वाटेवर विश्वास ठेवावा, असा धडा त्यांनीं यांतून घेतला.

१९४० सालीं ते ओहायो राज्याच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाले. त्याच वर्षीं ११ डिसेंबरला मिनेसोटा विद्यापीठांतील व्याख्यानांत हे विचार त्यांनीं मांडले, तेव्हां वादाचें मोहोळ उठलें. १९४२ सालच्या त्यांच्या ग्रंथांत तर एका माणसाच्या उपचाराच्या आठही बैठका शब्दशः छापल्या होत्या. हें काम आज सोपें वाटेल. त्या काळीं मात्र संभाषण तबकड्यांवर उतरवून घ्यावें लागे, आणि दर थोड्या मिनिटांनीं तबकडी बदलावी लागे. परंतु बंद दारामागें चिकित्सक प्रत्यक्षांत काय बोलतो, हें प्रथमच सर्वांसमोर आलें. रॉजर्स यांच्या कार्यांत हा भाग सर्वांत धाडसाचा मानावयास हरकत नाहीं. कारण आपले दोष तपासण्याचें साधन त्यांनीं स्वतः होऊन टीकाकारांच्या हातीं दिलें.

याच ग्रंथांत त्यांनीं 'रोगी' हा शब्द टाकला आणि वकिलाकडे येणाऱ्या माणसासाठीं जो शब्द आहे तो घेतला. मराठींत सांगावयाचें तर 'अशील'. अशील वकिलाकडे मदतीसाठीं येतो, परंतु खटला त्याचाच राहतो.

आतां हें ऐकून घेणें म्हणजे काय? समजा, एखादा गृहस्थ म्हणाला, "कचेरींतून घरीं जावयाचें म्हटलें कीं पाय जड होतात." मित्र म्हणेल, "चार दिवस हवापालट करा." वडीलधारे म्हणतील, "संसार म्हटला कीं असें चालायचेंच." पंडित त्याच्या बालपणांत शिरेल. तिघेही सज्जन, आणि तिघांनींही त्याचें बोलणें मध्येंच तोडलें. रॉजर्स यांच्या रीतीचा चिकित्सक म्हणेल, "घर जवळ येतें तसतसें कांहीं तरी ओझें वाढत जातें, असें म्हणतां?" गृहस्थ क्षणभर थांबेल आणि म्हणेल, "ओझें नव्हे, भीति." हा 'नव्हे' महत्त्वाचा. समोरच्यानें धरलेला शब्द पारखून, तो बाजूला सारून, त्यानें आपला शब्द स्वतः शोधला. १९६६ सालीं जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञानें बोलणाऱ्याचेच शब्द उलटून प्रश्न विचारणारी एक संगणकीय रचना केली आणि तींत या पद्धतीची नक्कल साधली. नक्कल गमतीदार होती, परंतु पोपटपंची आणि परकायाप्रवेश यांत जें अंतर आहे तेंच येथेंही आहे.

१९५७ सालच्या एका निबंधांत चिकित्सकाच्या ठिकाणीं काय असावें हें रॉजर्स यांनीं सांगितलें: समोरच्याचें जग त्याच्या डोळ्यांनीं पाहणें, पण त्यांत स्वतःला हरवून न बसणें; त्याच्याविषयीं बिनशर्त आदर; आणि आंतबाहेर एकच असणें. एवढें पुरेसें आहे, असा त्यांचा दावा होता. तो सर्वांस मान्य झाला नाहीं. अल्बर्ट एलिस यांनीं १९५९ सालीं त्याचा सडेतोड प्रतिवाद केला. रॉजर्स यांनीं मात्र शेतावरची संवय सोडली नव्हती. शिकागो विद्यापीठांत, जेथें ते १९४५ पासून होते, त्यांनीं उपचार घेणारांचा एक गट आणि वाट पाहत असलेल्यांचा दुसरा गट यांची तुलना केली. 'मी असा आहें' अशा अर्थाचीं विधानें असलेलीं शंभर पत्तीं प्रत्येकानें आपल्या मतें क्रमानें लावावयाचीं, आणि 'मी कसा असावा' यासाठीं तींच पुन्हां लावावयाचीं. दोहोंतील अंतर उपचारानंतर किती घटलें, तें मोजावयाचें. हें संशोधन १९५४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें.

परंतु त्या तीन गुणांतील पहिल्याची किंमत केवढी असते, हें या आंकड्यांत दिसत नाहीं. १९४९ च्या सुमारास मनानें फार बिघडलेल्या एका स्त्रीला बरें करण्याच्या हट्टानें रॉजर्स तिच्या दुःखांत इतके ओढले गेले कीं, तिचें मन कोठें संपतें आणि आपलें कोठें सुरू होतें, हेंच त्यांना कळेनासें झालें. एके दिवशीं तिला सहकाऱ्याच्या हवालीं करून ते पत्नीसह शिकागोहून अक्षरशः पळून गेले आणि दोन-तीन महिने परतलेच नाहींत. परतल्यावर त्यांनीं आपल्याच संस्थेंतील एका तरुण सहकाऱ्याकडे अशील म्हणून जावयास आरंभ केला. इतरांना बिनशर्त आदर देण्याची शिकवण देणाऱ्या या सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला, आपणही तशा आदरास पात्र आहों, हें शिष्यतुल्य माणसाकडून शिकावें लागलें. ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं.

एप्रिल १९५७ मध्यें मिशिगन विद्यापीठांत तत्त्ववेत्ते मार्टिन बूबर यांच्याशीं त्यांचा जाहीर संवाद झाला. चिकित्सक आणि अशील बरोबरीच्या नात्यानें भेटतात, असें रॉजर्स म्हणत. बूबर यांनीं नेमकें तेथेंच बोट ठेवलें: तो तुमच्याकडे मदतीसाठीं आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेले नाहीं, मग ही बरोबरी कसली? हा आक्षेप रॉजर्स यांना पुरता खोडतां आला, असें म्हणवत नाहीं.

त्याच वर्षीं ते विस्कॉन्सिनला गेले आणि मेंडोटा येथील मनोरुग्णालयांत छिन्नमनस्कतेनें पछाडलेल्या रुग्णांवर त्यांनीं आपली पद्धत लावून पाहिली. हे अशील नव्हेत. यांतील कित्येक आपण होऊन आलेच नव्हते. सहकाऱ्यांत कलह माजला, आणि १९६७ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्षही एकंदरींत निराशाजनकच होते. मात्र त्या वर्षांतील एका तरुणाच्या बैठकींचें टिपण रॉजर्स यांनीं छापलें आहे. तो बोलतच नसे. सतरा-अठरा मिनिटें सलग शांततेंत जात. रॉजर्स बसून राहत, मधून एखादें वाक्य बोलत, पुन्हां गप्प होत. आपण कोणाच्याच कामाचे नाहीं, आपलें काय होईल याची आपणांस पर्वा नाहीं, असें तो एकदां म्हणाला. तेव्हां रॉजर्स यांनीं, आपल्याला मात्र त्याची पर्वा आहे, एवढेंच सांगितलें. अर्धें मिनिट गेलें आणि तो हुंदके देऊन रडूं लागला.

पुढें तो रुग्णालयांतून बाहेर पडला. बऱ्याच वर्षांनीं एके दिवशीं रॉजर्स यांना त्याचा दूरध्वनि आला. आपलें बरें चाललें आहे, एवढेंच त्याला कळवावयाचें होतें.