‘नॉव्हेल’ : एक शब्द आणि त्याच्या भारतीय संज्ञा

भारतीय भाषांच्या साहित्येतिहासांत ‘पहिली कादंबरी कोणती?’ हा वाद पुनःपुन्हा उपस्थित होतो. परंतु या वादात प्रमाण मानला जाणारा इंग्रजीतील ‘नॉव्हेल’ हा शब्द स्वतः कधीच एकार्थी नव्हता, इकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

विशेषण म्हणून या शब्दाचा अर्थ ‘नवा, अपूर्व’ असा आहे. त्याच्या मुळाशी याच अर्थाचा लॅटिन ‘नोवुस’ आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने आपल्या विधिसंहितेनंतर काढलेल्या नव्या कायद्यांनाही इंग्रजीत ‘नॉव्हेल्स’ म्हणतात. साहित्यप्रकाराचे नाम मात्र इटालियन ‘नोवेल्ला’शी निगडित असून, प्रारंभी ते बोकाच्चोच्या कथांसारख्या लघुकथनाचे वाचक होते. दीर्घ, वास्तवाभिमुख गद्यकथा हा अर्थ अठराव्या शतकात रूढ होत गेला. १७८५ मध्ये क्लारा रीव्ह यांनी ‘द प्रोग्रेस ऑफ रोमान्स’ या ग्रंथात अद्भुतरम्य ‘रोमान्स’ आणि समकालीन जीवन चित्रित करणारे ‘नॉव्हेल’ असा भेद केला. फ्रेंच व जर्मन भाषांनी मात्र या प्रकारासाठी ‘रोमाँ’, ‘रोमान’ हेच शब्द राखले.

भारतीय भाषांनी या शब्दाला दिलेले प्रतिसाद भिन्न आहेत. गुजरातीच्या ‘नवलकथे’त मूळ शब्दाचा ध्वनीही आहे आणि नावीन्यही. बंगाली व हिंदीने ‘उपन्यास’ स्वीकारला. अमरकोशात हा शब्द वाङ्‌मुखाचा, म्हणजे भाषणारंभाचा, पर्याय आहे. तेलुगू व कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘व्याख्यान’ असा होतो. उर्दू व मलयाळमने इंग्रजी शब्दच आपल्या उच्चारात सामावून घेतला. मराठी व कन्नडने बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कृतीचे विशेषनाम सामान्यनाम केले.

या निवडीचे परिणाम मराठीत स्पष्ट दिसतात. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या स्थितीचे निरूपण करते. रीव्ह यांच्या अर्थाने ते ‘नॉव्हेल’च्या निकट आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ (१८६१) मात्र बाणाच्या नावाला अधिक साजते. म्हणजे पहिलेपणाचा निर्णय ग्रंथाच्या तारखेइतकाच संज्ञेच्या अर्थावरही अवलंबून आहे.

तेव्हा तौलनिक अभ्यासकाने निरनिराळ्या भाषांतील ‘पहिल्या’ कृतींची सूची करण्यापूर्वी त्या त्या भाषेने ‘नॉव्हेल’चा कोणता अर्थ स्वीकारला, हे तपासणे अगत्याचे आहे. अन्यथा एका भाषेतील ‘रोमान्स’ची दुसरीतील ‘नॉव्हेल’शी तुलना होईल, आणि एक साहित्य पुढे, दुसरे मागे, असा निराधार निष्कर्ष निघेल.