तपकिरीच्या खळग्यातले हाड

अंगठा ताठ करून मागे ताणून पाहा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या वर येतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा दिसतो. पूर्वी लोक चिमूटभर तपकीर इथे ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला 'तपकिरीची डबी' असेच नाव पडले. खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे होडीच्या आकाराचे हाड असते. मनगटातल्या आठ लहान हाडांपैकी हे एक.

खेळताना नववी-दहावीतला मुलगा तळहातावर पडतो. मनगट दुखते, सूज थोडीच. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. मग मुरगळले असेल म्हणून सोडून द्यावे का?

नाही. स्कॅफॉइडची भेग केसासारखी बारीक असू शकते, हाड वक्र असते आणि शेजारच्या हाडांची सावली त्यावर पडते. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत काही भेगा निसटतात. दहा-चौदा दिवसांनी भेगेच्या कडा झिजून ती रुंद होते, तेव्हा दिसू लागते.

पण तोवर हात मोकळा ठेवणे धोक्याचे. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते व तेथून ते उलट कोपराच्या दिशेने जाते. पाट मध्येच फुटला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसेच इथे होते. मागचा तुकडा जुळत नाही, कधी मरतोही. पुढे सांधा कायमचा दुखरा होतो.

म्हणून डॉक्टर खळगा दाबून पाहतात, तळहाताच्या बाजूने हाड दाबतात, अंगठा मनगटाकडे ढकलतात. दुखले तर एक्स-रे निर्दोष असला तरी हात प्लॅस्टरमध्ये किंवा पट्टीत ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

यात एक अडचण आहे. अशा संशयितांपैकी बहुतेकांचे हाड मोडलेले नसतेच. त्यांचा हात उगाच अडकतो, दवाखान्याच्या खेपा वाढतात. एमआरआय हाडातल्या मगजाची सूज सुरुवातीलाच दाखवते व प्रश्न लवकर सोडवते. म्हणून ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली अशा संशयात पहिली तपासणी म्हणून एमआरआयचा विचार करावा, असे सुचवले. जिथे ती सोय नाही, तिथे प्लॅस्टर आणि फेरतपासणी हाच सुरक्षित मार्ग.

शिक्षकांनी एवढे लक्षात ठेवावे: पडल्यावर खळग्यात दुखत असेल, तर 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर मुलाला पुन्हा मैदानात पाठवू नये. पालकांना फेरतपासणीची तारीख आठवणीने विचारावी.