उडता रथ : विज्ञानकथा की अद्भुतकथा?

सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाची एक कथा उज्जयिनीत, म्हणजे आजच्या उज्जैनमध्ये घडते. सोमप्रभेला राक्षस पळवून नेतो. तिच्या तीन इच्छुक वरांपैकी ज्ञानी तिचा ठावठिकाणा सांगतो, विज्ञानी आकाशगामी रथ सिद्ध करतो आणि शूर वीर राक्षसाला मारतो. ती कोणाची पत्नी व्हावी, हा वेताळाचा प्रश्न. राजा कौल देतो तो शूराला.

रथाचा कर्ता ‘विज्ञानी’ आहे. मग ही विज्ञानकथा का नव्हे? कारण रथ कशाच्या बळावर उडतो, हे जाणण्याची कथेला गरज नाही. रथाऐवजी गरुड आला असता, तरी पेच तोच राहिला असता. अद्भुतकथेत चमत्कार गृहीत असतो. कस लागतो तो न्यायबुद्धीचा.

विज्ञानकथेला ही सवलत नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळवलेल्या जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ कथेतून कृष्णविवराचे विज्ञान वगळले, तर कथाच उरत नाही. येथेही कल्पना भरारी घेते. पण ज्ञात नियमांना तिला उत्तर द्यावे लागते.

ही सीमा पुसली की नुकसान दोन्हीकडे होते. सोमदेवाच्या रथाला प्राचीन विमानविद्येचा पुरावा मानणारा विज्ञानावर अन्याय करतोच, शिवाय वेताळाचा प्रश्नही त्याच्या कानी पडत नाही. उज्जयिनीच्या शास्त्रीय वैभवाचा दाखला वेगळा आहे : प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा याच नगरीवरून मानली, आणि त्यांची गणिते आजही तपासून पाहता येतात.