शेवटच्या तारखेआधीचे दिवस

घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आपण चतुर्थी, एकादशी आणि अमावास्या पाहतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत तेच कॅलेंडर निराळ्या डोळ्यांनी पाहिले जाते. सात तारखेला गेल्या महिन्यात कापलेला टीडीएस भरायचा. अकराला दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांच्या विक्रीचा जीएसटी तपशील, पंधराला कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि वीस तारखेला जीएसटीचा भरणा. यात आगाऊ प्राप्तिकराचे चार हप्ते, ३१ जुलैची पगारदारांची विवरणपत्रे, ३० सप्टेंबरचे कर-लेखापरीक्षण आणि ३१ ऑक्टोबरची त्यांची विवरणपत्रे मिळवा. एखाद्या मध्यम कचेरीत दीडशे अशील धरले आणि प्रत्येकाच्या महिन्याला चारच तारखा धरल्या, तरी वर्षाला सात हजार दोनशे तारखा होतात. एवढ्या तारखा कोणाच्याही डोक्यात राहणे शक्य नाही.

ही गर्दी पूर्वीपासून अशीच होती असे मात्र नाही. मी १९८६ साली नाशिकमध्ये आर्टिकलशिपला लागलो, तेव्हा व्यापाऱ्याला आपले हिशेबाचे वर्ष निवडण्याची मोकळीक होती. कोणाचे वर्ष दिवाळीला संपे, कोणाचे ३१ डिसेंबरला, कोणाचे मार्चअखेर. त्यामुळे कचेरीतले काम बारा महिन्यांत आपोआप विभागले जाई. १९८९-९० या करआकारणी वर्षापासून प्राप्तिकरासाठी सर्वांनाच एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष लागू झाले. करखात्याच्या दृष्टीने ते सोयीचेच होते, पण त्या दिवसापासून सगळ्यांचे वर्ष एकाच रात्री संपू लागले आणि सगळ्यांच्या मुदतीही एकाच आठवड्यात येऊ लागल्या. पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि वर्षअखेरीची धावपळ दरमहा होऊ लागली.

या तारखा सांभाळण्यासाठी आता सॉफ्टवेअर आले आहे. अशिलांची यादी एकदा भरली, कोणाला कोणते काम लागू आहे ते सांगितले, की दर महिन्याची कामे आपोआप तयार होतात. काम कोणाकडे, केव्हा सुरू व्हायचे, केव्हा संपायचे आणि आज कुठवर आले, हे पडद्यावर दिसते. तारीख जवळ आली की ओळ पिवळी होते, उलटली की लाल. अनेक कचेऱ्यांनी ही व्यवस्था घेतली आणि पाचसहा महिन्यांत सोडूनही दिली. कारण बहुतेकांनी तिचे गजराचे घड्याळ केले होते. वीस तारखेच्या कामाला वीस हीच तारीख घातली, तर सॉफ्टवेअर एकोणीसला ओरडणार. एकोणीसला ओरडून काय उपयोग? तोवर व्यापाऱ्याची खरेदीची बिलेही आलेली नसतात.

तारीख मांडायची ती उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे. भरणा वीसला, म्हणून व्यापाऱ्याने कराची रक्कम मान्य करून पैशाची सोय करायची ती अठराला. त्यासाठी खरेदीची जुळवणी सोळाला पूर्ण हवी. विक्रीचा तपशील अकराला जायचा, तो आपण नऊलाच पाठवायचा. म्हणजे बिले आणि बँकेचे स्टेटमेंट पाच तारखेच्या आत हातात हवे आणि त्याची आठवण एक तारखेला गेली पाहिजे. एका तारखेची अशी सहा कामे झाली. सरकारची तारीख वीसच राहिली, पण कचेरीची खरी तारीख पाच ठरली. सॉफ्टवेअरमध्ये हा साचा एकदा नीट बसवला की तो दर महिन्याला पुन्हा उभा राहतो. कचेरीत काय आधी आणि काय नंतर, हे एकत्र बसून ठरवणे हेच त्यातले खरे कष्टाचे काम आहे. ते विकत मिळत नाही.

ही साखळी एका कचेरीपुरती राहत नाही, याची जाणीव जीएसटीने करून दिली. माल विकणाऱ्याने अकरा तारीख चुकवली, तर चौदा तारखेला तयार होणाऱ्या खरेदीदाराच्या पत्रकात ते बिल दिसत नाही. मग त्याला त्या बिलावरच्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही आणि वीस तारखेला तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते. सातपूरच्या एखाद्या लहान कारखानदाराला दोनचार लाख रुपये महिनाभर अडकणे म्हणजे काय, हे त्याच्या कामगारांचा पगार कोणत्या दिवशी झाला यावरून कळते. चूक एकाची आणि ओढाताण दुसऱ्याची!

सॉफ्टवेअरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा रकाना म्हणजे ‘काम कोणाकडे अडले आहे’ हा. पूर्वी कचेरीत ‘ती फाईल कुठे आहे?’ या प्रश्नात दिवसाचा बराच वेळ जाई आणि उत्तर मिळेपर्यंत आवाजही चढत. आता ते बघता येते. माझ्या कचेरीत या रकान्यात सर्वाधिक वेळा दिसणारे उत्तर आहे, ‘अशिलाकडून कागद येणे बाकी’. वाचकहो, यातले अशील म्हणजे आपणच. शेवटच्या आठवड्यात बिलांची पिशवी टेबलावर ठेवून ‘तेवढे बघा’ म्हणणारे गृहस्थ स्वभावाने वाईट नसतात. आपल्या एका पिशवीमागे आणखी दीडशे पिशव्या आहेत, हे त्यांना दिसत नसते इतकेच.

मात्र या व्यवस्थेच्या काही मर्यादा ओळखून असायला हवे. सॉफ्टवेअरला तारीख समजते, तिचे वजन समजत नाही. जीएसटीच्या भरण्याला दोन दिवस उशीर झाला तर विलंब शुल्क आणि व्याज पडते. टोचते, पण भरून निघते. याउलट धंद्यात तोटा झालेल्या माणसाचे प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीनंतर एका दिवसाने गेले, तरी तो धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क सहसा जातो. विलंब शुल्क पाच हजारांच्या आतच असते. गमावलेली वजावट काही लाखांची असू शकते. ज्या वर्षी माणूस बुडाला, त्याच वर्षी त्याचा कागद पाठवायची त्याला उमेद नसते. पडद्यावर मात्र या दोन्ही ओळी सारख्याच लाल! कोणती तारीख पैसे टाकून परत मिळत नाही, हे माणसानेच आधी खूण करून ठेवावे लागते आणि अशा अशिलाला संदेश न पाठवता फोन करावा लागतो.

बाहेर बनलेल्या साच्यांना आपले सणही ठाऊक नसतात. लेखापरीक्षणाचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे आणि गणपतीही त्याच दिवसांत. कोकणातला मुलगा गणपतीला गावी जाणार, हे जानेवारीतच सांगता येते; मग कामाच्या वाटपात त्याचे ते आठ दिवस रिकामे का ठेवू नयेत? लेखापरीक्षणांच्या संख्येवर आमच्या संस्थेने प्रत्येक सदस्याला वर्षाला साठची मर्यादा घातली आहे, पण साठही शेवटच्या दहा दिवसांत करू नका, असे कोणी सांगत नाही. शिवाय मुदतवाढीची आशा असतेच. २०२५ साली ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबरवर गेली आणि त्या दिवशी रात्री उशिरा आणखी एका दिवसाची सवलत जाहीर झाली. ज्यांनी काम वेळेत संपवले त्यांना ती लागली नाही. जे तिच्या भरवशावर बसले होते, त्यांच्या कचेरीतली मुले पहाटेपर्यंत जागली.

या मुलांविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत. आर्टिकलशिप आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. मुलगा कामाला सरावतो आणि जातो. त्याच्याबरोबर कोणता अशील कागद कसे देतो ही माहितीही जात असे. ती नोंदली गेली तर पुढच्याचे कष्ट वाचतात. पण तोच पडदा मुलांवर पाळत ठेवायला वापरला, लाल ओळींचा हिशेब त्यांच्याकडून मागितला, तर ती ओळ हिरवी करण्याची युक्ती मुले चार दिवसांत शिकतात. ‘झाले’ अशी खूण पडते आणि जुळवणी झालेली नसते. खोटी हिरवी ओळ खऱ्या लाल ओळीपेक्षा धोक्याची, कारण तिच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. म्हणून ज्याने काम केले त्याने खूण करायची नाही, दुसऱ्याने पाहून करायची, हा नियम आम्ही पाळतो. त्याला वेळ लागतो आणि तो वेळही तारखेत धरावा लागतो.

मुदत पाळणे हा आपल्याकडे शेवटच्या रात्रीच्या पराक्रमाचा विषय झाला आहे. रात्री बारा वाजता विवरणपत्र गेले की चहा मागवून आनंद साजरा होतो. ज्या कचेरीत वीस तारीख इतर दिवसांसारखी शांतपणे जाते, तिचे कौतुक कोणी करत नाही. तिथे सहा वाजता दिवे बंद होतात आणि आर्टिकलशिपची मुले अभ्यासाला वेळेवर घरी पोचतात. येत्या पाच तारखेला आपली बिले आपल्या अकाउंटंटकडे पोचली, तर त्यात आपलाही हातभार लागेल.