टर्बो बसवण्याआधी चंद्रपूरच्या उन्हाचा हिशेब

टर्बो नसलेले इंजिन हवा स्वतःच्या दमावर ओढते. पिस्टन खाली गेला की वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा सिलिंडरमध्ये शिरेल तेवढीच त्याच्या वाट्याला येते, आणि इंधनही त्याच मापाने जळते. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूवर एक टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले.

फरक किती पडतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टाटांचे १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन २०१६ च्या टियागोत टर्बोविना सुमारे ८५ पीएस ताकद देत होते. रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या २०१७ च्या नेक्सॉनमध्ये तेवढ्याच आकाराचे टर्बो इंजिन ११० पीएसवर गेले. मात्र ते इंजिन टर्बो गृहीत धरूनच घडवलेले होते. जुन्या गाडीला बाहेरून टर्बो जोडताना हीच तयारी मालकाला आणि मिस्त्रीला करावी लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीत पहिला अडसर उन्हाचा. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि हवा दाबली की ती आणखी तापते. बाहेर ४५ अंश असताना अर्धा बार बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) दिला, तर सर्वसाधारण कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या आसपास असते. अशी हवा विरळ असते. दाब दीडपट झाला तरी इंजिनात हवा जेमतेम २७ टक्केच जास्त जाते. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरने ती ६० अंशांवर आणली, तर हीच वाढ ४० टक्क्यांच्या वर जाते. म्हणून या भागात आधी मोठा इंटरकूलर आणि धडधाकट रेडिएटर यांची सोय पाहावी, टर्बोचा आकार नंतर ठरवावा.

पेट्रोल इंजिनात तापलेल्या हवेचा दुसरा धोका नॉकिंगचा. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांचे आयुष्य संपते. टर्बो नसलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन बहुधा १० ते ११ पट असते. टर्बोसाठी एकतर ते कमी करावे लागते किंवा बूस्ट ०.३-०.४ बारवर थांबवावा लागतो. इंजेक्टर आणि पंप वाढीव इंधन देतील ना, ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) इंधनाचे आणि ठिणगीच्या वेळेचे नकाशे नव्याने भरता येतील ना, हे आधी तपासावे. एटापल्ली-भामरागडकडे जाणाऱ्याने हे सारे साध्या पेट्रोलवरच बेतावे; पंपावर जास्त ऑक्टेनचे इंधन मिळेलच, असे नाही. जुन्या डिझेल जीपमध्ये नुसती हवा दाबली जाते आणि इंधन शेवटी फवारले जाते, म्हणून तिला हा त्रास नाही. तिथे सांभाळायचे असते ते एक्झॉस्टचे तापमान, आणि इंधन नुसते वाढवले तर निघणारा काळा धूर.

पुढचा अडसर धुळीचा. घुग्घुस-बल्लारपूरच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ, सूरजागडकडे लोहखनिजाची लाल धूळ. मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्यांनी फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांना एखादा खडाही पुरतो. म्हणून गाळणी मोठी घ्यावी, वारंवार बदलावी, आणि बंपरमागे खाली बसवू नये. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीचे पाणी रस्त्यावर आले की खालची गाळणी ते थेट ओढते. टर्बोच्या बेअरिंगला स्वच्छ ऑइल लागते, म्हणून ऑइल बदलण्याचा काळही आखडावा लागतो. क्लच आणि ब्रेक वाढीव जोराला पुरे पडतील का, हे मात्र बरेच जण शेवटी पाहतात.

कायद्याचा भाग थोडक्यात असा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे सामान घेण्याआधी आरटीओत चौकशी करावी. रोज अहेरी-सिरोंचा करणाऱ्या गाडीसाठी तर कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली जुनी गाडी घेणे हाच अधिक शहाणा व्यवहार.