बरड जमीन

बरड जमीन : दख्खनच्या पठारावरील निमशुष्क टेकड्यांचे माथे व उतार यांवर आढळणारी उथळ, मुरमाड व दगडगोट्यांनी भरलेली जमीन. हिला मुरमाड जमीन किंवा माळजमीन असेही म्हणतात. महाराष्ट्रात ती सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागांत विशेष आढळते. तेथे वर्षाला साधारणतः ५००–७०० मिमी. पाऊस पडतो व तोही अनियमित असतो. नांगरटीस अयोग्य म्हणून या जमिनीची गणना बहुधा पडीक जमिनीत केली जाते. मात्र पिकांच्या दृष्टीने निकृष्ट असलेली ही जमीन गवताच्या दृष्टीने तशी नाही, आणि तिच्या वापराविषयीचे बरेचसे गैरसमज हा भेद न ओळखल्याने झालेले आहेत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेला बेसाल्ट हा या जमिनीचा जनक खडक होय. यांपैकी काही थर घट्ट व काही सच्छिद्र आहेत. सच्छिद्र थरांतील पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट इ. खनिजांनी भरलेल्या असून असा खडक लवकर झिजतो. घट्ट खडक सांध्यांच्या बाजूने कुजत जातो व कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे त्याचे पापुद्रे सुटतात. अर्धवट कुजलेल्या या खडकालाच मुरूम म्हणतात. उतारावर मातीचे कण तयार होतात त्या मानाने वाहूनही जातात; त्यामुळे थर जाड होऊ शकत नाही. वाहून गेलेली माती पायथ्याशी व नदीखोऱ्यांत साचते. म्हणून माथ्यावर बरड, मधल्या उतारावर मध्यम खोल व तळाशी खोल काळी जमीन असा क्रम एकाच टेकडीच्या परिसरात पाहावयास मिळतो. खोऱ्यातील काळ्या जमिनीची समृद्धी काही अंशी माथ्यांवरील या झिजेतूनच आलेली आहे.

मातीच्या थराची खोली सामान्यतः २०–२५ सेंमी.पेक्षा कमी असते. पुष्कळ ठिकाणी ती ओंजळभरच असते व मधूनमधून उघडा खडक दिसतो. रंग करडा-तपकिरी ते तांबूस तपकिरी असतो. मृदाविज्ञानात हिचा समावेश एंटिसोल या, म्हणजे स्पष्ट स्तररचना न झालेल्या मृदांच्या गणात होतो. पीएच मूल्य बहुधा ७ ते ८ च्या दरम्यान असते. नायट्रोजन व फॉस्फरस यांची वाण असते, पोटॅश मात्र बहुधा पुरेसे असते. तथापि तिची खरी उणीव अन्नद्रव्यांची नसून पाणी धरून ठेवण्याच्या जागेची आहे. २० सेंमी. जाडीच्या थरात निम्मे खडेच असतील, तर वनस्पतींना उपलब्ध होणारे पाणी १५ मिमी.च्या आसपास भरते. पावसाने उघडीप दिल्यावर रोज ४–५ मिमी. पाणी उडून जात असल्यास हा साठा चार दिवसही पुरत नाही. बाजरी, मटकी, हुलगा यांसारखी काटक पिकेसुद्धा येथे भरवशाची ठरत नाहीत, ती यामुळेच.

बहुवर्षायू गवतांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची मुळे मुरमाच्या भेगांत शिरून तेथील ओलावा घेतात, उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी बुंधा जिवंत राहतो व पहिल्या पावसाबरोबर फुटवे येतात. मुळांच्या जाळ्यामुळे माती जागीच धरली जाते आणि पाणी मुरमात जिरते. पृष्ठभागावरील खडेही निरुपयोगी नसतात. थेंबांचा मार ते झेलतात व बाष्पीभवन कमी करतात. पु. म. दाबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय गवताळ आवरणाच्या अभ्यासात हा प्रदेश सेहिमा–डायकँथियम या प्रकारात मोडतो. शेडा व मारवेल ही त्यातील उत्तम चारा देणारी गवते होत. भर पावसाळ्यात, गवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच सतत चराई झाली, तर ती मागे पडून त्यांच्या जागी कुसळी येते आणि अखेरीस तुरळक, अल्पायुषी गवते उरतात. माळावर कोणते गवत आहे यावरून त्या जमिनीची अवस्था जाणकार मेंढपाळ सहज ओळखतो. गवत गेले की उघड्या मातीवर पापुद्रा धरतो, पाणी न जिरता धावते व बारीक कण नेते. गेलेला थर पुन्हा तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

माणदेशातील खिल्लार गुरे व धनगरांची दख्खनी मेंढरे यांचे पालनपोषण याच माळांवर होत आले आहे. मेंढपाळांच्या हंगामी स्थलांतरामुळे माळांना विसावा मिळे आणि शेतात बसविलेल्या मेंढरांच्या लेंड्यांतून माळावरची अन्नद्रव्ये शेतात जात. काळवीट, लांडगा, खोकड यांचेही हे आश्रयस्थान आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य स्थापन झाले. मात्र तो पक्षी आता तेथे क्वचितच दिसतो.

माळ पडीक ठरल्यामुळे त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावण्याचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर झाले. उथळ थरात झाडे खुरटतात, आणि जेथे ती दाट वाढतात तेथे सावलीमुळे गवत हटते. समतल चरांविषयी अधिक विवेक हवा. आवरण पार नाहीसे झालेल्या उतारावर ते पाणी अडवितात. परंतु गवत शाबूत असलेल्या माळावर चर खणल्यास मुरूम वर येऊन असलेली थोडी मातीही गाडली जाते. हिवरे बाजार येथे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांची जोड चरांना दिल्यामुळे गवत परतले. तेथे गवत कापून नेण्यास परवानगी असते, जनावरे माळावर सोडण्यास नसते.