एक डाव हिऱ्याचा!

दोस्तांनो, वर्गाचा संघ निवडताना होणारी भांडणं तुम्हांला काही नवीन नाहीत. ‘याला का घेतलं?’, ‘त्याला पुढे का नाही खेळवलं?’, ‘गोलात तो उभा राहिला तर आपण हरलोच म्हणून समजा!’ मधली सुट्टी संपते, घंटा होते, तरी वाद काही संपत नाही. पण अशाच एका वादातून अख्खा क्लब जन्माला आला, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

ही गोष्ट आहे कोलकात्याची. १९२० सालच्या जुलै महिन्यात जोडाबागान आणि मोहन बागान या दोन संघांचा सामना होता. जोडाबागानने आपल्या संघातून शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांना ते मुळीच पटलं नाही. ‘त्याला घ्या,’ असा त्यांनी आग्रह धरला, पण कुणी ऐकलं नाही. झालं! चौधरी क्लब सोडून बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी आपल्या साथीदारांबरोबर नवा क्लब काढला. त्याचं नाव ईस्ट बंगाल. पुढे याच ईस्ट बंगालची आणि १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानची अशी काही जुंपली, की शंभर वर्षं उलटली तरी ती चुरस कायम आहे.

ही चुरस फक्त मैदानावर असते असं समजू नका हं. ती स्वयंपाकघरातही शिरते! ईस्ट बंगालवाल्यांचा मासा हिल्सा, तर मोहन बागानवाल्यांची कोळंबी. जो संघ जिंकेल त्याच्या चाहत्यांच्या घरी त्या दिवशी तोच बेत. बाजारातले भावसुद्धा सामन्याच्या निकालावर वरखाली होतात म्हणे. आमच्या कोल्हापूरच्या वाचकांना याचं फारसं नवल वाटणार नाही. तालमींच्या संघांवरून पेठापेठांत काय जोशात वाद रंगतात, ते त्यांना पक्कं माहीत आहे!

अशा या कोलकात्यात १९९७ च्या जुलैमध्ये मात्र वादाचा विषय जरा वेगळा होता. खेळाडूंइतकीच चर्चा चालली होती ती एका व्यूहरचनेची. फेडरेशन चषकाच्या उपांत्य फेरीत हे दोन संघ समोरासमोर येणार होते, आणि मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी एक नवा डाव मांडला होता. त्याचं नाव ‘डायमंड’, म्हणजे हिरा.

आता हा हिरा म्हणजे काय प्रकार आहे, ते आपण घरच्या घरी समजून घेऊ. दहा चिंचोके घ्या. (चिंचोके नसतील तर बटणं चालतील, पण आईला विचारून!) अकरावा असतो गोलरक्षक, त्याची जागा ठरलेली. म्हणून व्यूहरचना सांगताना त्याला मोजत नाहीत. उरलेले दहा जण मागून पुढे मोजायचे. ४-४-२ म्हणजे मागे बचावाला चार, मध्ये चार आणि पुढे हल्ल्याला दोन. ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक जिंकला तो ४-२-४ या रचनेने. करा बेरीज, दहाच येतील!

नेहमीच्या ४-४-२ मध्ये मधले चौघे एका आडव्या रांगेत असतात. आता ती रांग मोडा. एक चिंचोका मागे ओढा, एक पुढे सरकवा आणि उरलेले दोन डावी-उजवीकडे राहू द्या. दिसली का पत्त्यातली चौकट? हाच तो हिरा! मागचा गडी बचावाच्या पुढे राखण करतो, पुढचा गडी आघाडीवाल्यांना चेंडू पुरवतो आणि बाजूचे दोघे सतत वरखाली धावत राहतात.

याचा फायदा काय? चेंडू ज्याच्या पायाशी असेल त्याला जवळच दोन-तीन सोबती मिळतात. छोटे छोटे पास देत संघ झपाझप पुढे सरकतो. आणि तोटा? आता चिंचोक्यांकडे नीट बघा. मैदानाच्या दोन्ही कडा जवळजवळ मोकळ्या आहेत की नाही? बाजूचे दोघे हल्ल्यासाठी पुढे गेले आणि तेवढ्यात चेंडू हातचा गेला, तर मागे भलंमोठं मैदान रिकामं. अमल दत्तांचा हिरा तर खासच आक्रमक होता. मागे माणसं कमी आणि पुढे जास्त. एक गोल खाल्ला तरी चालेल, आपण चार करू, असा खाक्या!

आणि तो यशस्वी ठरत होता. त्या स्पर्धेत मोहन बागानने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा धुव्वा उडवला होता. मग काय, चहाच्या टपऱ्यांवर, ट्राममध्ये, ऑफिसांत एकच विषय. मोहन बागानवाल्यांचं म्हणणं असं की, भारतात सगळे घाबरत घाबरत बचाव करत खेळतात; अमलदांनी खरा फुटबॉल आणला! ईस्ट बंगालवाले म्हणत, ठीक आहे. पण ज्या संघाकडे वेगवान आघाडीवीर आहे, त्याच्यापुढे मागचं दार उघडं ठेवून कसं चालेल?

हा वेगवान आघाडीवीर कोण? सिक्कीममधल्या तिनकिताम गावचा बायचुंग भुतिया! तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. पहिली राष्ट्रीय लीग जेसीटी संघाला जिंकून देऊन तो नुकताच ईस्ट बंगालमध्ये परतला होता. समोर मोहन बागानकडे होता नायजेरियाचा धिप्पाड चिमा ओकोरी.

प्रशिक्षकही एकापेक्षा एक. अमल दत्त म्हणजे फुटबॉलवेडा माणूस. इंग्लंडमध्ये जाऊन ते प्रशिक्षणाचं शास्त्र शिकून आले होते. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार आणि १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघाचे शिलेदार. खेळाडूंशी बोलून बोलून ते त्यांच्यात असा काही जोश भरत, की त्या बोलण्याला लोक ‘व्होकल टॉनिक’ म्हणत.

इथपर्यंत सगळं छान होतं. वाद होता तो खेळाचा. पण सामन्याआधी अमलदा एक पाऊल पुढे गेले. त्यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या नावांची चेष्टा सुरू केली. भुतियाला ते ‘चुंगचुंग’ म्हणाले, केनियाच्या ओमोलोला ‘ऑम्लेट’, आणि सोसोला ‘शोशा’. बंगालीत शोशा म्हणजे काकडी! वर्तमानपत्रांनी ते छापलं, लोक हसले. ज्यांची चेष्टा झाली, त्यांनी मात्र ते मनात ठेवलं.

१३ जुलै १९९७, रविवार. सॉल्ट लेकचं स्टेडियम ओसंडून वाहत होतं. प्रेक्षक किती असावेत? एक लाख एकतीस हजारांहून अधिक! वानखेडे स्टेडियम जवळजवळ चार वेळा भरेल इतकी माणसं!

सामना सुरू झाला. मोहन बागानने हल्ले चढवले, पण ईस्ट बंगालच्या बचावाने दाद दिली नाही. आणि चेंडू मिळाला, की ते थेट त्या रिकाम्या जागेत मुसंडी मारायचे. तुम्ही मघाशी चिंचोक्यांत पाहिलीत ना, तीच जागा! पहिला गोल केला ईस्ट बंगालच्या नाझिमुल हकने. दुसरा भुतियाने. मग चिमाने एक गोल फेडला आणि मोहन बागानच्या गोटात आशा पालवली. पण भुतियाने आणखी दोन गोल ठोकले. हॅटट्रिक! ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. ‘चुंगचुंग’ने तोंडाने एक शब्दही न बोलता उत्तर दिलं होतं.

मग आता सांगा, हिरा खोटा ठरला का?

घाई करू नका. इथेच तर खरी गंमत आहे. ज्या डावाने आदल्या सामन्यात सहा गोल मिळवून दिले, तोच डाव पुढच्या सामन्यात चार गोलांनी महागात पडला. डाव तोच, समोरचा संघ वेगळा. कोणतीही रचना नुसती ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ नसते. कोणाविरुद्ध आणि कोणत्या खेळाडूंच्या जोरावर, हे विचारावंच लागतं. आणि ऐका, एवढा मोठा सामना जिंकणारा ईस्ट बंगालही अंतिम सामन्यात हरला. गोव्याच्या साळगावकर संघाने त्यांना २-१ असं नमवून चषक गोव्याला नेला!

पण या गोष्टीची आणखी एक बाजू आहे, आणि ती तुमच्या आईबाबांनीही जरूर वाचावी. १६ ऑगस्ट १९८० रोजी याच दोन संघांचा सामना ईडन गार्डन्सवर चालू असताना प्रेक्षकांत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा जणांचे प्राण गेले. फुटबॉल बघायला म्हणून घरातून निघालेली ती माणसं परत आलीच नाहीत. तेव्हापासून कोलकात्यात दरवर्षी १६ ऑगस्टला त्यांच्या आठवणीत रक्तदान केलं जातं. त्या रक्ताच्या बाटलीवर ‘मोहन बागान’ किंवा ‘ईस्ट बंगाल’ असं काही लिहिलेलं नसतं.

म्हणून, दोस्तांनो, वाद घाला. जरूर घाला! त्याशिवाय खेळाला रंगत नाही आणि डोकंही चालत नाही. पण वाद ‘डाव्या बाजूला कोण धावणार?’ याचा असावा. कुणाच्या नावाचा, गावाचा, रंगाचा किंवा चेहऱ्याचा नसावा. पहिल्या वादातून दोघेही काहीतरी शिकतात. दुसऱ्यातून फक्त एक जण दुखावतो, आणि तो भुतिया निघाला तर तुमची काही धडगत नाही!

अमल दत्त २०१६ साली गेले, पी. के. बॅनर्जी २०२० साली. पण हिऱ्याचा विषय निघाला, की कोलकात्यातले आजोबालोक आजही तावातावाने बोलू लागतात.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या सामन्याआधी मित्राला बोलवा, दोघांत वीस चिंचोके घ्या आणि जमिनीवर मैदान आखा. एकाने हिरा मांडायचा, दुसऱ्याने तो फोडायचा. पाच मिनिटांनी बाजू बदलायची. म्हणजे मघाशी ज्याला ‘मूर्खपणा’ म्हणालात, तोच डाव आता तुम्हांला वाचवायचा आहे. बघा जमतंय का! आणि हो, खेळून झाल्यावर चिंचोके डब्यात भरून ठेवायला विसरू नका.